पाणी लाल झालं आणि मी परत फिरलो

पत्र

ताई,
मी खानापूर तालुक्यातला. बी.कॉम. झाल्यावर उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला, ए ग्रेड मिळाली. गेल्या वर्षापासून जांबोटीकडच्या एका ॲडव्हेंचर कॅम्पवर इन्स्ट्रक्टर आहे. जुलैत हुबळीच्या एका कॉलेजची बॅच घेऊन धबधब्याकडं निघालो होतो. वाटेत मलप्रभेला मिळणारा एक ओढा ओलांडावा लागतो. पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याखाली होतं. मुलं फोटो काढत थांबली. तेवढ्यात पाणी लालसर झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला. आमच्यावर पाऊस नव्हता, पाणी फार वाढलंही नव्हतं. पण मला बरं वाटेना. मी बॅच परत फिरवली. मुलं चिडली, त्यांच्या सरांनी अर्धे पैसे परत मागितले. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, का फिरलास? मला नीट कारण सांगता आलं नाही. "भ्या वाटतंय तर सांग की, दुसरा माणूस बघतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमचे सीनियर त्याच ओढ्यातून दुसरी बॅच घेऊन गेले आणि आले. काही झालं नाही. तेव्हापासून माझा माझ्यावरच विश्वास उरला नाही. सीनियरना विचारलं तर म्हणतात, "अनुभवानं कळतंय रे." अनुभव म्हणजे किती वर्षं? तोपर्यंत काय करायचं? की हे काम सोडूनच द्यावं?
एक इन्स्ट्रक्टर, खानापूर तालुका

उत्तर

कारण सांगता आलं नाही म्हणतोस, पण तुझ्या पत्रात एक सोडून तीन कारणं आहेत. पाण्याचा रंग बदलला. पालापाचोळा वाहून यायला लागला. आणि तुमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. ही तिन्ही एका दमात वाचून बघ. आपल्याकडची माती जांभ्याची. जोराचा पाऊस झाला की आधी उतारावरची लाल माती ओढ्यात उतरते, काठाला साठलेला पाला उचलला जातो. तुमच्यावर थेंब नाही आणि पाणी लाल, म्हणजे वरच्या अंगाला, कणकुंबी-आमगावकडं, तो कोसळतोय आणि ते पाणी अजून वाटेत आहे. तो पट्टा बेळगाव शहराच्या कितीतरी पट पाऊस खातो, हे तुला मी सांगायला नको. हब्बनहट्टीचा मारुती पावसाळ्यात मलप्रभेखाली जातो, तेव्हा हब्बनहट्टीत किती पडला हे कुणी विचारत नाही. वर किती पडला हे विचारतात.

आणि तुला नुसतं पलीकडं जायचं नव्हतं. दोन-तीन तासांनी त्याच ओढ्यातून परत यायचं होतं. गुडघ्याखालचं पाणी मांडीला लागेपर्यंत वेगही वाढलेला असतो, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा ढकलण्याचा जोर चौपट होतो. हुबळीची पोरं पलीकडच्या काठावर, अंधार पडत आलेला, पायाला जळवा, मोबाइलला रेंज नाही. अशा वेळी "हात धरून साखळी करूया की सर" म्हणणारा एक तरी निघतोच. बहुतेक वेळा तो त्यांचा सर असतो.

म्हणजे तुझी नजर बरोबर होती. नजरेनं जे टिपलं ते तोंडाला सांगता आलं नाही. मेहनत घ्यायची आहे ती तिथं.

आता दुसऱ्या दिवशीच्या बॅचचं. ते गेले आणि आले, यावरून तुझा निर्णय चूक ठरत नाही आणि त्यांचा बरोबरही ठरत नाही. दुसऱ्या दिवशीचं पाणी दुसरं होतं. कदाचित तुमच्या सीनियरनी काठावर उभं राहून सगळं नीट पाहिलं असेल, आणि त्या दिवशी जाणंच योग्य असेल. कदाचित काहीच पाहिलं नसेल आणि निभावून गेलं असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बॅच गेली, बॅच आली, फोटो इन्स्टाग्रामवर चढले. आपल्या धंद्याची खरी अडचण ही आहे, आणि "अनुभवानं कळतंय" हे वाक्य इथंच लंगडं पडतं.

चोर्ला घाटातल्या बसड्रायव्हरकडं बघ. वळणावर त्यानं ब्रेक उशिरा दाबला तर गाडी त्याला तिथल्या तिथं सांगते, आणि गाडीनं नाही सांगितलं तर मागच्या सीटवरच्या आज्या सांगतात. एका फेरीत हे किती वेळा होतं! म्हणून त्याचा पाय शहाणा होतो. इन्स्ट्रक्टरला असं कोण सांगतं? भलत्या वेळी ओढा ओलांडला तरी बहुतेक वेळा काही होत नाही, आणि दर वेळी मन एकच धडा घेतं की एवढं चालतंय. असा धडा वीस पावसाळे गिरवलेला माणूस फार आत्मविश्वासानं बोलतो. त्याला खरंच काय येतं ते मात्र त्याच्या वर्षांवरून कळत नाही.

या विषयावर माणसांनी नीट डोकं चालवलेलं आहे. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात अग्निशामक दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला. जळत्या घरापुढं उभे असताना हे लोक चार पर्याय मांडून तुलना करत बसत नाहीत, असं त्याला दिसलं. समोरचं दृश्य आधी पाहिलेल्या कशाशी तरी जुळतं, त्यासरशी एक उपाय सुचतो, तो मनातल्या मनात चालवून बघतात, कुठं अडला नाही तर करून टाकतात. ओढ्यावर तुला बरं वाटेना, ते याच जातीचं. डॅनियल कानेमन यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा मात्र अशा आतल्या आवाजावर फारसा भरवसा नव्हता. दोघांनी आपला मतभेद समोर ठेवून २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला, आणि त्यांचं जुळलं ते असं: आतल्या आवाजावर विसंबायला दोन अटी लागतात. खुणा आणि परिणाम यांचं काही नियमित नातं असलं पाहिजे, आणि ते नातं शिकायची संधी मिळाली पाहिजे, म्हणजे आपलं चुकलं की बरोबर हे वेळेवर आणि स्पष्ट कळलं पाहिजे. स्वतःला किती खात्री वाटते, हा पुरावा त्यांनी धरलेला नाही.

ओढ्यावर पहिली अट पुरी होते. पाणी नियमानं वागतं. दुसरी होत नाही, ती तुलाच हातानं तयार करावी लागेल. किती वर्षं, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी यासाठीच देत नाही.

मे महिन्यात, बॅच नसताना, त्या ओढ्यावर जा. एकटा जाऊ नकोस, गावातला कुणीतरी बरोबर घे. ओढा कोरडा ठाक असेल. पावसाळ्यात ज्या जागी ओलांडता तिथं मधोमध उभा राहा आणि वर बघ. काठाच्या जांभळीच्या फांद्यांत वाळलेलं गवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतील. कुठं छातीएवढ्या उंचीवर, कुठं डोक्याच्या वर. गेल्या पावसात पाणी तिथवर आलं होतं. मग खाली चालत जा. पाय निसटलेला माणूस कुठं जाईल, त्याच्या वाटेवर आडवं पडलेलं झाड आहे का, दोन दगडांच्या फटीत पाय अडकेल अशी जागा कुठली, बाहेर पडायला सपाट काठ कुठं आहे. हे पावसाळ्यात दिसत नाही आणि सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं. नंतर एखादा ठळक दगड खूण म्हणून ठरव. त्याचं डोकं बुडलेलं असेल तर त्या दिवशी ओलांडायचं नाही, विषय संपला. दगड दिसत असेल तरी काठाला एक काडी रोव, दहा मिनिटं थांब, पाणी काडीच्या वर सरकलं का बघ. मुलं फोटो काढतातच, काढू दे. कान उघडे ठेव. पाण्याखाली दगड गडगडायला लागले की तो आवाज खळखळाटाहून वेगळा असतो, एकदा ऐकला की विसरत नाही.

आणि बरोबर आलेल्या गावच्या माणसाला बोलतं कर. गवळी असो, काजूच्या बागेतला असो, वनखात्याचा वॉचर असो. "आमगावच्या अंगाला काळं झालंय, घटकाभरात पाणी येतंय बघा," हे सांगायला त्याला कुठलं ॲप लागत नाही. तोही चुकतो, नाही असं नाही. पण त्याच्या नदीशी त्याचं रोजचं येणंजाणं आहे, त्याचं चुकलं तर संध्याकाळी म्हैस घरी येत नाही.

दुसरं, वही घाल. साधी दोनशे पानी. निघायच्या आधी चार ओळी लिही: आज काय अपेक्षा आहे, कुठली खूण दिसली तर फिरणार, किती वाजता फिरणार. परत आल्यावर काय झालं ते लिही, आणि थोडक्यात काय निभावलं तेही. कोण घसरलं, कोणाचा कॅराबिनर, म्हणजे दोराची कडी, उघडा राहिला आणि कुणाच्या लक्षात आला, कोणत्या मुलीनं दमा आहे हे अर्ध्या वाटेत सांगितलं. आधीच्या चार ओळी आधीच लिहायच्या, हे महत्त्वाचं. परिणाम कळल्यावर आपल्या सगळ्यांनाच वाटतं की आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं. कागद तेवढा खोटं बोलू देत नाही. जुलैतल्या त्या दिवसाची नोंद आजच कर, पत्रात लिहिलीस तशीच. त्या दिवशी कणकुंबीला पाऊस किती झाला हेही शोधून खाली लिही. फार नसेल झाला, तर तेही लिही. फिरलास ते बरोबरच होतं, पण पुढच्या खेपेला लाल रंग किती गंभीर धरायचा याचा अंदाज त्यानं सुधारेल.

तिसरं, सीनियरना प्रश्न बदलून विचार. "कसं कळतं?" या प्रश्नाला "अनुभवानं" याखेरीज दुसरं उत्तर नसतंच, बिचाऱ्यांनी काय सांगावं? चहाला बसलात की विचार, "त्या दिवशी काठावर आल्यावर सगळ्यात आधी कशाकडं बघितलंत? काय दिसलं असतं तर फिरला असता?" चांगला सीनियर जरा थांबेल, मग हळूहळू एकेक निघेल. तुला हवा आहे तो अनुभव त्याच्या बोलण्यात असा तुकड्यातुकड्यानं येतो. "काय दिसलं तरी फिरलो नसतो" असं उत्तर आलं, तर तीही माहितीच आहे.

ओळखीच्या जागेबद्दल एक सांगते, कारण तुम्ही सगळे स्थानिक आहात आणि त्याचा अभिमान आहे, असावाही. इयन मॅकॅमन या संशोधकानं अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन अपघातांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. धोक्याच्या खुणा समोर असताना लोक पुढं का जातात, हा त्याचा प्रश्न होता. जागा ओळखीची असणं, एकदा ठरवलं म्हणून रेटणं, बरोबरच्यांसमोर कमीपणा नको वाटणं, कुणीतरी जाणता पुढं आहे म्हणून मागं जाणं, अशी कारणं त्याला सापडली. ओळखीच्या उतारावर शिकलेल्यांचं शिक्षणही फारसं कामाला येत नव्हतं. आपल्याकडं बर्फ नाही, पण यातलं एकही कारण बर्फाचं नाही. महिनाही असाच ओळखीचा वाटतो. २०२२ च्या नोव्हेंबरात किटवाडच्या धबधब्यावर बेळगावहून सहलीला गेलेल्या चार मुली बुडाल्या. नोव्हेंबरात बेळगावात कुणी छत्रीही बाहेर काढत नाही.

आता मालक. त्यांच्याशी कसं बोलावं ते सांगण्याआधी, त्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही हेही सांगायला हवं. दर वेळी फिरणारा इन्स्ट्रक्टर कामाचा नाही. पोरांनी चिखलात पडावं, थकावं, दोराला लटकून रडावं आणि मग वर यावं, यासाठीच तर पालक पैसे देतात. फिरणं म्हणजे शहाणपण आणि जाणं म्हणजे उनाडपणा, असं सोपं असतं तर कोर्सवर पहिल्याच दिवशी शिकवून मोकळे झाले असते. फिरलास तर का, गेलास तरी का, हे दोन्ही तुला सांगता यायला हवं. त्या दिवशी मालकांपुढं "बरं वाटेना" म्हणालास, तिथं त्यांच्या हातात काहीच दिलं नाहीस. "पाणी लाल झालं होतं, आपल्यावर पाऊस नव्हता, म्हणजे वर पडत होता, आणि परतीला तोच ओढा होता," एवढं म्हणाला असतास तर कॉलेजच्या सरांनाही तेच सांगता आलं असतं. पुढच्या वेळी काठावरच, मुलांसमोर, मोठ्यानं सांग. हुबळीची बॅच आहे तर कन्नडमध्ये सांग. पोरं चिडतील, पण बघायला शिकतील.

सगळ्यांसमोर झापलं ते मात्र चूकच. त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागेल, कारण आता तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर पुढच्या वेळी फिरलाच नसता.

काठावरचा निर्णय हा तसा शेवटचा निर्णय. त्याआधीचे कॅम्पच्या ऑफिसात होतात, आणि तिथं तुझं वजन टाक. १५ एप्रिल २००८ रोजी न्यूझीलंडमध्ये मांगाटेपोपो नावाच्या घळईत एका साहस केंद्रानं शाळेचा गट नेला. अंदाज जोरदार पावसाचा होता. पाणी झपाट्यानं चढलं, गट एका कपारीवर अडकला, बाहेर पडायच्या प्रयत्नात सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले. इन्स्ट्रक्टर त्या केंद्रात नवी होती. कपारीवर तिनं काय करायला हवं होतं यावर लोक आजही बोलतील. पण पाणी चढत असताना त्या कपारीवर कुठलाच चांगला पर्याय उरलेला नव्हता. चांगले पर्याय सकाळी होते: अंदाज वाचताना, नव्या माणसाला कोणती बॅच द्यायची हे ठरवताना, आज घळई नको म्हणताना.

तुमच्या कॅम्पच्या पोस्टरवर धबधब्याचा फोटो असणारच. एखाद्याच जागेचं नाव आणि वर "थरार गॅरंटीड". पोरांचा हट्ट त्या पोस्टरपासून सुरू होतो, काठावर तो तुला फक्त भेटतो. पोस्टरवर "पाण्यानुसार मार्ग बदलेल" ही एक ओळ घालायला लाव, आणि बदली मार्ग खरोखर तयार ठेवा, ओढा आडवा न येणारा, पोरांना कमी न वाटणारा. राजहंसगड आहे, जंगलातली वाट आहे. फक्त वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की गडावरून खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर पाऊल नाही. पैसे परत द्यायचे की नाहीत हे बुकिंगच्या वेळीच कागदावर असलं की तुझ्यावर ते ओझं राहत नाही. सकाळी निघायच्या आधी पाच मिनिटं सगळ्या इन्स्ट्रक्टरांनी एक खेळ खेळायचा: समजा संध्याकाळ झाली आहे आणि आजची ट्रिप बिघडली, कशामुळं बिघडली असेल? प्रत्येकानं एक कारण द्यायचं, सगळ्यात नव्या पोरानं आधी. ही युक्तीसुद्धा त्या क्लाइनचीच. सीनियर आधी बोलले की बाकीचे मान डोलवतात, म्हणून क्रम उलटा.

मालकांकडं एकटा जाऊ नकोस, सीनियरना बरोबर घे, आणि रविवारची बॅच पोचवून सगळे दमलेले असताना तर अजिबात जाऊ नकोस. तीन गोष्टी माग: ओढ्यावरची दगडाची खूण सगळ्यांनी पाळायची, बॅचबरोबर जो असेल त्याचा फिरण्याचा शब्द शेवटचा, आणि निभावून गेलेल्या घटना सांगणाऱ्याला बोलणी नाहीत. खर्च यातल्या एकालाही नाही.

सोडू का, याचं उत्तर त्या बोलण्यानंतर दे. पहिल्या दोन मान्य झाल्या तर राहा, तिसरी सवयीनं येईल. "फिरायचं की नाही ते मी फोनवर सांगीन" असं म्हणाले, तर त्या ओढ्यावर फोन लागत नाही हे त्यांना आठवण करून दे आणि महिनाअखेरीला नमस्कार कर. ए ग्रेड आहे, ॲडव्हान्स कोर्सचा अर्ज भर, नंतर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स, कर, जमलं तर दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा मोठा कोर्सही. दांडेली आहे, आंबोली आहे, गोवा हाकेच्या अंतरावर आहे. नव्या जागी पगाराचं बोलायच्या आधी एवढंच विचार, की तुमच्याकडं शेवटची बॅच कुणी, कधी आणि कशावरून परत फिरवली. चटकन एखादा किस्सा सांगितला तर बस. आमच्याकडं असं कधी झालंच नाही म्हणाले, तर चहा पिऊन निघ.